जागा धरणारे सबनीसकाका

सबनीसकाकांना आयुष्यात एक गोष्ट फर्स्टक्लास जमली, ती म्हणजे जागा धरणं. नोकरीत ते कारकून म्हणून लागले आणि हेडक्लार्क म्हणून सुटले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण साताऱ्याच्या स्टँडवर गाडी लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून चार जणांची जागा धरणारा माणूस म्हणून सगळा गोतावळा त्यांना ओळखत होता. लग्नाची पंगत असो, नाटक असो, डॉक्टरकडचा नंबर असो, ‘मनोहरला पुढे पाठवा’ असं ठरून गेलेलं असायचं. काका पुढे जायचे आणि बाकीची मंडळी मागून सावकाश गप्पा मारत यायची. ती आली की काका उठून उभे राहायचे, कारण धरलेल्या जागेत स्वतःलाही धरायचं असतं हे त्यांच्या कधी लक्षातच यायचं नाही. लोकांना याचं कौतुक वाटायचं. मला ही गोष्ट त्यांनी स्वतः हसत हसत सांगितली तेव्हा माझं डोकं फिरलं होतं.

मी विभा. इकडे परदेशात, सेंगकांग नावाच्या उपनगरात प्रसन्न सबनीसच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहते, विद्यापीठात नोकरी करते. लग्न केलं नाही, त्यामुळे आमच्या कट्ट्यात मला बायकांच्या घोळक्यातही अर्धी जागा असते आणि पुरुषांच्याही. कट्टा म्हणजे आसपासची आठ-नऊ मराठी कुटुंबं, पुण्या-मुंबईची, बहुतेक आयटीतली. काका हे प्रसन्नचे वडील. त्यांची बायको, संजीवनीकाकू, गेल्यापासून ते दर वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याहून येत आणि सप्टेंबर सरता सरता परत जात. ते इतर कोणत्याही महिन्यात का येत नाहीत, असं मी एकदा प्रसन्नच्या बायकोला, अनघाला विचारलं. ती म्हणाली, त्यांना हाच सीझन सूट होतो. हे अर्धंच खरं होतं. तो सीझन आमच्या कट्ट्याला सूट व्हायचा.

सप्टेंबरच्या सुरुवातीला शाळांना आठवड्याची सुट्टी असते. तेव्हा आमचा कट्टा ईस्ट कोस्टला समुद्राकाठी तंबू ठोकून शुक्रवार ते रविवार राहतो. तिथे मोठंच्या मोठं गवताचं मैदान आहे, पुढे वाळू, वाळूच्या पुढे नांगर टाकून उभी असलेली जहाजं, आणि डोक्यावरून चांगी विमानतळावर उतरणारी विमानं. राहायला परवाना लागतो, तो ऑनलाइन मिळतो. पण परवान्यात मैदान ठरलेलं असतं, कोपरा नाही. चांगला कोपरा एकच. सुरूच्या झाडांची सावली, शेजारी भाजायची शेगडी, बाथरूम जवळ पण वास येईल इतकं जवळ नाही, आणि समोर सरळ समुद्र. तो कोपरा हवा असेल तर बुधवारीच जाऊन बसावं लागतं. बुधवारी ऑफिस सोडून कोण बसणार? आणि नुसता तंबू ठोकून निघून गेलं तर चालत नाही, फेरीवरचे पार्कवाले रिकामा तंबू काढायला लावतात. माणूस हवा.

पहिल्या वर्षी हा प्रश्न प्रसन्नच्या घरी चर्चेला आला तेव्हा काका कोपऱ्यात शेंगा सोलत होते. ते म्हणाले, मी बसतो की. झालं. त्या दिवसापासून कट्ट्याचा प्रश्न कायमचा सुटला. बुधवारी सकाळी प्रसन्न त्यांना एक तंबू, एक घडीची खुर्ची आणि पाण्याचे कॅन देऊन सोडून यायचा. बुधवारची आणि गुरुवारची रात्र काका त्या मैदानावर एकटे काढायचे. चारी बाजूंनी दोऱ्या ताणून त्यावर पंचे वाळत घालायचे, म्हणजे जागा मोठी दिसते. कोणी जवळ तंबू टाकायला आलं की उठून हात जोडून ‘फॅमिली कमिंग, बिग फॅमिली’ असं सांगायचे. लोक हसून पलीकडे जायचे. या देशात म्हाताऱ्या माणसाला सहसा कोणी उठवत नाही, आणि हे आमच्या कट्ट्याला बरोबर ठाऊक होतं.

इथे हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या सार्वजनिक बाजारात, टेबल धरायचं असेल तर त्यावर टिश्यूचं पाकीट ठेवून जेवण आणायला जातात. दिलीप, म्हणजे आमच्या कट्ट्याचा स्वयंघोषित पुढारी, एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, “प्रसन्न, तुझे बाबा म्हणजे आपलं टिश्यूचं पाकीट.” सगळे खो-खो हसले. काका सगळ्यात मोठ्याने हसले आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे चहाला आल्यावर तोच विनोद त्यांनी मला पुन्हा सांगितला, मी तिथेच बसले होते हे विसरून.

आता शुक्रवारचं सांगते. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसं सुटली की गाड्या भरभरून कट्टा यायचा. आजोबांचा जयजयकार व्हायचा, त्यांच्यासोबत फोटो निघायचे. मग प्रसन्न हातात गाडीची किल्ली फिरवत विचारायचा, “बाबा, राहताय का आज? की सोडू घरी?” काका म्हणायचे, “छे छे, मी कशाला तुमच्यात? जातो घरी.” आणि प्रसन्न त्यांना घरी सोडून यायचा. दोन रात्री जागा धरून बसलेला माणूस तिसऱ्या रात्री, जेव्हा तिथे माणसं आलेली असत, तेव्हा सेंगकांगच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये दहीभात खाऊन झोपायचा. दर वर्षी.

तुम्ही म्हणाल, त्यांनीच नको म्हटलं. तुम्ही मराठी असाल तर तसं म्हणणार नाही. आपल्याकडे चांगल्या घरातला माणूस पहिल्यांदा विचारल्यावर नको म्हणतो. त्याला नको असतं म्हणून नव्हे, आपण हावरट नाही हे दाखवायला. मग समोरच्याने पुन्हा विचारायचं, गळ घालायची, ताटात वाढूनच टाकायचं. सबनीसकाका त्यातले पक्के. माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहाला चार वेळा नको म्हणाले आणि मग दोन कप प्यायले. प्रसन्नच्या एका तमिळ मित्राने त्यांना घरी बोलावून विचारलं, कॉफी घेणार का. काका नको म्हणाले. मित्राने बरं म्हणून विषय संपवला आणि काका दीड तास घसा कोरडा करून बसून आले. त्या बिचाऱ्या मित्राचा काही दोष नाही, त्याला आमची रीत काय ठाऊक.

पण प्रसन्नला ठाऊक होती. तो त्याच घरात वाढला. त्याची आई आग्रह करण्यात एवढी नामांकित होती की पाहुणे अंगणातूनच पळायला बघायचे. प्रसन्नला पक्कं माहीत होतं की बापाला एकदा विचारलं तर नको येतं आणि दोनदा विचारलं तर हो. म्हणून तो एकदाच विचारायचा. मी सलग काही वर्षं हे पाहिलं आणि मग मला खात्री पटली. किल्ली आधी हातात घ्यायची, आणि मग विचारायचं. तोंडदेखलं विचारणं इतकं नेटकं करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

का, तर काका असले की मोकळेपणा राहत नाही. शेगडीवर कोंबडी भाजायची, बिअर उघडायची, दिलीपने गिटार काढून चारच गाणी पुन्हा पुन्हा म्हणायची, ह्यात एक खोकणारा शाकाहारी म्हातारा कुठे बसवायचा? हे अनघाने मला सरळ सांगितलं होतं. तिचं मला एक बरं वाटायचं, ती निदान खोटं बोलायची नाही.

मागच्या वर्षी काकांच्या गुडघ्यांनी संप केला. पुण्याहून त्यांनी फोनवर कळवलं की ह्या खेपेला येणं जमेलसं दिसत नाही, जिना उतरतानाच रडू येतं, तिथे जमिनीवर कुठे झोपू. कट्ट्यात घबराट पसरली. दिलीपने तर प्रसन्नला विचारलं, मग आता पर्याय काय, जणू ऑफिसातला सर्व्हर बंद पडला होता. आणि आठवड्याभरात कळलं की काका येतायत. तिकीटही निघालं.

ते आल्यावर माझ्याकडे चहाला आले तेव्हा मी विचारलं, गुडघ्यांचं काय झालं. काका खुर्चीत जरा पुढे सरकून बसले. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. “इराने बोलावलंय,” ते म्हणाले. इरा ही त्यांची नात, दहा-अकरा वर्षांची, एकुलती एक, इथल्या पोरांसारखी वाक्याच्या शेवटी ‘लाह’ लावणारी. व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली होती की आजोबा, ह्या वेळी तुम्ही माझ्या तंबूत झोपायचं, माझ्याजवळ. काका रीतीप्रमाणे म्हणाले होते, अगं मी म्हातारा तुम्हा मुलींमध्ये कशाला. त्यावर ती ओके म्हणून पळून गेली होती. पण बोलावलं होतं. ते महत्त्वाचं.

“पुढच्या वर्षी मला येता यायचं नाही, विभा,” काका म्हणाले. “गुडघे गेलेच. आणि पुढच्या वर्षी तीही मोठी होईल, मग आजोबा कशाला हवा तिला. ह्या वेळी एक रात्र राहू देतील ना मला तिथे? सगळे असताना?”

सत्तरी ओलांडलेला माणूस स्वतःच्या मुलाच्या तंबूत एक रात्र राहू देतील का, हे शेजारणीला विचारत होता. मला इतका संताप आला की मी उठून उगाच ओटा पुसत बसले. मग येऊन त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, काका, एक काम करा. ह्या वेळी प्रसन्नने विचारलं की आढेवेढे घेऊ नका. पहिल्या फटक्यात हो म्हणा. राहतो म्हणा.

असं एकदम हो म्हणणं बरं दिसेल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बरं दिसायचं वय गेलं तुमचं. हे मीच त्यांना सांगितलं आणि त्यात माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

नंतर अनघाकडून कळलं की काका बेडरूमचं दार लावून काहीतरी करत असतात, जमिनीवर धप्प आवाज येतो. ते खाली बसून उठायचा सराव करत होते. पलंगाच्या कडेला हात टेकून खाली बसायचं, गादीवर आडवं व्हायचं आणि कोणाचीही मदत न घेता उठायचं. इराच्या तंबूतून सकाळी त्यांना ओढून बाहेर काढावं लागलं असं व्हायला नको होतं. अनघाला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला असावा. तिने डॉक्टरांची वेळ घ्यायचंही मनात आणलं, पण तेवढ्यात बुधवार उजाडला.

बुधवारी प्रसन्न त्यांना नेहमीप्रमाणे सोडून आला. काकांनी कोपरा पकडला, पंचे ताणले आणि कट्ट्याच्या ग्रुपवर फोटो टाकला. अंगठे आले, टाळ्या आल्या. दिलीपने लिहिलं, आजोबा, दहा फूट डावीकडे सरका, मागच्या वेळी समुद्र नीट दिसत नव्हता. काकांनी एकट्याने तंबू उपसला आणि डावीकडे नेऊन पुन्हा ठोकला. त्या गुडघ्यांनी. पुन्हा फोटो टाकला. दिलीपने परफेक्ट असं लिहिलं.

गुरुवारी पहाटे वादळी पाऊस झाला, समुद्रावरून आडवा येतो तसा. तासाभराचाच होता, पण तेवढ्यात तंबू एका बाजूने उखडला आणि काका त्याची कड धरून बसून राहिले. उठून झाडाखालच्या शेडमध्ये जायचं तर जागा जाईल. सकाळी त्यांनी चिंब भिजलेला, चष्म्यावर पाणी असलेला आपला फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, किल्ला शाबूत आहे. त्यावर जितकी हसरी तोंडं आली तितकी मी त्या ग्रुपवर कधी पाहिली नव्हती. कोरडे कपडे नेऊन देऊ का असं कोणी विचारलं नाही. प्रसन्नने अॅपवरून पिझ्झा मागवून पाठवला. चीज काकांना पचत नाही, त्यांनी तो शेजारच्या तंबूतल्या मलाय कुटुंबाला देऊन टाकला. त्या घरातल्या आजीने त्यांना बदल्यात केळी दिली आणि, त्यांनी नको म्हटल्यावर, हातात कोंबलीच.

संध्याकाळी मी ऑफिसातून थेट तिकडे गेले, कोरडे कपडे आणि थालीपीठं घेऊन. काका खुर्चीत बसून जहाजांकडे बघत होते. अंगात जरा कणकण होती, पण मोठ्या मजेत होते. कोण कुठे झोपणार हे त्यांनी मला हात करून दाखवलं. इथे दिलीपचा तंबू, इथे प्रसन्न-अनघाचा, आणि हा ह्या बाजूचा इराचा, समुद्राजवळचा. त्यात उजवीकडे इरा आणि डावीकडे ते स्वतः, कारण डाव्या कुशीवर वळलं की त्यांचा खांदा दुखतो. इराला सांगायच्या गोष्टीही ठरल्या होत्या. मग म्हणाले, विचार बरं मला एकदा.

मी प्रसन्नचा आवाज काढून विचारलं, बाबा, राहताय का आज.

“हो, राहतो,” काका म्हणाले. मग स्वतःच लाजले. ह्या वयाचा माणूस लाजलेला पाहवत नाही. फारच तुटक वाटतंय का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, उत्तम आहे, असंच म्हणा.

शुक्रवारी मी गेले तेव्हा गाड्या नुकत्याच लागत होत्या. मी कधी रात्री तिथे राहत नाही, मला डास सहन होत नाहीत, पण जेवायला जाते. तंबू उभे राहिले, कोळसे पेटले, जयजयकार झाला, फोटो झाले. काकांनी मी आणून दिलेल्या कोरड्या कपड्यांच्या सुरकुत्या इस्त्री केल्यासारख्या हाताने काढून घेतल्या होत्या आणि केस ओले करून विंचरले होते. ताप अंगात होताच, तो त्यांनी कोणाला सांगितला नव्हता.

मग प्रसन्न आला. किल्ली हातात होती.

“बाबा, राहताय का आज? की सोडू घरी?”

“हो,” काका म्हणाले. “राहतो.”

प्रसन्नला ऐकू गेलं नाही असं वाटलं. तो वळलाही होता गाडीकडे. मग थांबला. हसला आणि म्हणाला, खरंच? काका म्हणाले, खरंच. प्रसन्न म्हणाला, बाबा, दोन रात्री जागलायत तुम्ही, दमला असाल. काका म्हणाले, नाही दमलो. खाली झोपायचंय हं. जमेल, सराव केलाय. इथे रात्री फार आवाज असतो. असू दे. डास आहेत. मला चावत नाहीत. आणि मी उभी राहून बघत होते की आयुष्यात पहिल्यांदा हा मुलगा बापाला आग्रह करतोय, चार-चार वेळा, पाच-पाच वेळा, घरी जाण्याचा. काकांच्या कपाळावर घाम आला होता. प्रत्येक उत्तरासरशी ते जरासे खाली खाली बसल्यासारखे दिसत होते.

अनघा मधे पडली. गोळ्या घरी राहिल्यात ना बाबा तुमच्या, ती म्हणाली. काकांनी खिशातून गोळ्यांची डबी काढून दाखवली. दिलीप म्हणाला, अहो आजोबा, तुमची ड्युटी संपली, आता आराम करा. त्यावर एक-दोघं हसले, पण पुरतं कोणी हसलं नाही. कोळशावर कोणीतरी टाकलेली कोंबडी तशीच जळायला लागली होती.

मग काकांनी इराकडे पाहिलं. ती दिलीपच्या मुलीबरोबर, ऋताबरोबर, तंबूच्या तोंडाशी बसून छोट्या दिव्यांची माळ लावत होती. काका तिला म्हणाले, “इरा, आपलं ठरलंय ना गं? मी तुझ्या तंबूत?”

इरा गोंधळली. तिने आधी ऋताकडे पाहिलं, मग बापाकडे. मुलगी वाईट नाही. तिच्यापुढे प्रश्न आला आणि तिने खरं उत्तर दिलं.

“बट आजोबा, ऋता माझ्या टेन्टमध्ये आहे. पापा म्हणाले, यू जस्ट आस्क लाह, म्हणजे ते पुण्याहून येतील. राहायला आजोबा ऑल्वेज नो म्हणतात.”

प्रसन्नने किल्ली खिशात घातली. मला वाटलं, आता तरी हा माणूस वडिलांच्या खांद्यावर हात ठेवेल, काहीतरी बोलेल. तो इराला म्हणाला, “इरा, इनफ.” दोष मुलीवर टाकून मोकळा झाला.

काका हसले. टिश्यूच्या पाकिटावर हसले होते तसंच, पण आवाज निघाला नाही. मला वाटलं आता म्हणतील, अगं गंमत केली, सोडा मला घरी. सगळेच तेवढ्याची वाट बघत होते, मी शपथेवर सांगते, त्या मैदानावर आमच्यातला एकूणएक माणूस त्या एका वाक्याची वाट बघत उभा होता. पण काकांनी ते म्हटलं नाही. एकदा हो म्हणायचं ठरवून आले होते आणि नकार द्यायची त्यांची सगळी ताकद संपलेली दिसत होती. ते म्हणाले, “मी कुठेही पडेन. माझी काही अडचण नाही.”

मग जे झालं ते फार सभ्यपणे झालं. मुलींनी आपल्या स्लीपिंग बॅगा आणि दिव्यांची माळ उचलून दिलीपच्या तंबूत नेली. समुद्राजवळचा तंबू काकांना मिळाला. अनघाने त्यात चादर घालून दिली आणि पाण्याची बाटली ठेवली. त्यांच्यासमोर बिअर कशी उघडायची म्हणून खुर्च्या पलीकडच्या शेगडीकडे हलल्या. तिथून हसण्याचे आवाज आधी दबकत आले, मग दबकायचे विसरले. काकांना बटाटा भाजून आणून दिला. मी थोडा वेळ त्यांच्याजवळ बसले. मी काही बोलू गेले तर ते म्हणाले, तू जा, तुला डास चावतात. तंबूत शिरताना त्यांनी हात टेकला, बसले, आडवे झाले. कोणाची मदत लागली नाही. सराव कामाला आला.

सकाळी प्रसन्नचा मेसेज होता, बाबांना ताप आहे, इथे कोणी मोकळं नाही, तू येऊन घरी नेशील का. मी गेले. बुधवारपासून ताणलेले पंचे अजून दोऱ्यांवर होते, त्यांच्या आतल्या बाजूला कट्टा गाढ झोपलेला होता. इरा आणि ऋता पाण्यात खेळत होत्या. काका आपल्या तंबूबाहेर खुर्चीत बसले होते, पिशवी भरून, चपला घालून. रात्रभरात इरा एकदा गुड नाइट म्हणायला येऊन गेली होती, एवढं त्यांनी सांगितलं. मी कपाळाला हात लावला तर चटका बसला.

गाडीत त्यांनी काच खाली केली आणि सगळं मैदान मागे जाईपर्यंत बाहेर बघत राहिले. मला त्या सगळ्यांना शिव्या घालायच्या होत्या, आणि त्यांनाही. इतकी वर्षं लोकांना उठून जागा दिली नसती तर आज ही वेळ आली नसती, असं तोंडापर्यंत आलं होतं. पण त्याआधी काकाच बोलले, तक्रार नाही, हिशेब लागला असावा अशा आवाजात.

“बुधवार-गुरुवार बरे गेले गं, विभा. तेव्हा वाटत होतं, सगळे यायचे आहेत.”